नोटीस आली का?

अमेरिकेतल्या विद्यापीठाचा मेल, सरकारी कागद आणि म्हाताऱ्या माणसाच्या ओठांवर अडलेला शब्द... तिन्हींची वाट एकाच ओटीवर बसून बघितली, त्याची ही गोष्ट.

रात्री दीड वाजता जी मुलगी मोबाइलकडे एकटक बघत बसलेली असते ती प्रेमात पडलेली असते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. आमच्या काकूचाही तसाच होता. जानेवारीच्या थंडीत तिने तीन रात्री पाळत ठेवली आणि चौथ्या दिवशी सकाळी भाकऱ्या थापता थापता मला विचारलं, ‘‘दादूस, तुना माहीत असेल. कोन हाय तो?’’

मी म्हटलं, ‘‘काकू, तो एक नाही. चार आहेत. आणि चारही अमेरिकेत.’’

काकूच्या हातातली भाकरी तव्यावर न पडता परातीत पडली!

खरं सांगायचं तर ती चार विद्यापीठं होती. माझी चुलत बहीण, जिला घरात सगळे ‘बाय’ म्हणतात, तिने स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीच्या मास्टर्ससाठी चार ठिकाणी अर्ज केले होते. हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजलेले असतात. तिकडची ऑफिसं बंद होतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. म्हणजे ज्या मेलवर तुमचं पुढचं आयुष्य ठरणार, तो नेमका तुमच्या झोपेच्या वेळेत येणार. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतात, तेव्हा आमच्या घरातलं टेन्शनही संध्याकाळी साडेसहालाच सुरू व्हायला लागलं.

रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. इनबॉक्समध्ये काय? बँकेची ऑफर आणि मोबाइल रिचार्जची आठवण.

मला हसू यायचं नाही, कारण मी फ्रीलान्सर आहे. मास कॉमची डिग्री घेतल्यापासून माझं निम्मं आयुष्य ‘एडिटरचा रिप्लाय आला का’ आणि उरलेलं निम्मं ‘चेक आला का’ यातच गेलंय. वाट बघण्यात आपण एक्स्पर्ट आहोत, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला, आणि तो कसा चुकीचा निघाला तेच आज सांगायचंय.

‘स्पीच’ म्हणजे भाषण!

आधी जासई कुठे आलं ते सांगतो, कारण मुंबईतल्या प्रत्येक नव्या एडिटरला मला ते सांगावं लागतं. उरण तालुका, रायगड जिल्हा. पूर्वी ‘जेएनपीटीच्या अलीकडे’ असं सांगायचो. १२ जानेवारी २०२४ पासून ‘अटल सेतू उतरतो त्याच्या जवळ’ असं म्हटलं की लगेच कळतं. त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. त्याआधी बायने कॉलेजसाठी सहा सीटर रिक्षा, बस, हार्बर लोकल आणि मग पुन्हा लोकल असा द्राविडी प्राणायाम केलाय. कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगेत अडकून पडलेल्या रिक्षात तिने मेंदूच्या आकृत्या पाठ केल्यात.

तिने बारावी सायन्सनंतर बीएएसएलपी केलं. ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी, चार वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. आपल्याकडे हा कोर्स काही कालचा नाही. म्हैसूरची ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग’ १९६५ मधली. वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मधली. या क्षेत्रात काम करायला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि त्याचा कायदा १९९२ चा. पण गावात हे कोणाला माहीत? गावात बातमी पसरली ती अशी की बाय ‘स्पीच’ शिकवते. स्पीच म्हणजे भाषण! ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभा राहणारा एक उमेदवार खरोखर घरी आला आणि म्हणाला, ‘‘बाय, आठ दिवसांत माइकवर बोलायची भीती घालव. फी सांग.’’

बायने त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग ओटीवर जमलेल्या बायकांना तिने समजावून सांगितलं. अडखळत बोलणं, हा या कामाचा फक्त एक भाग. जन्मतः टाळू दुभंगलेलं बाळ, कानाचं मशीन बसवलेलं पोर, तीन वर्षांचा होऊनही न बोलणारा मुलगा, घशाच्या ऑपरेशननंतर घास नीट गिळता न येणारा माणूस... आणि पॅरालिसिसचा झटका आल्यावर शब्द हरवलेले म्हातारे.

शेवटच्या वाक्याला सगळ्यांनी आत बघितलं. आत आजा बसला होता.

आजाचे शब्द

दोन वर्षं होतील आता. गणपतीचे दिवस होते. सकाळी आरतीच्या वेळी आजाच्या हातातून टाळ पडला आणि तोंड एका बाजूला गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका. पंधरा दिवसांनी आजा घरी आला तो काठी टेकत, पण चालत. उजवा हात थोडा जड. बाकी सगळं ठीक. फक्त शब्द नव्हते.

याला अफेजिया म्हणतात. माणसाची अक्कल जागेवर असते, समोरचं बरंचसं कळत असतं, पण शब्द सापडत नाही. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरने असा एक रुग्ण तपासला होता. तो रुग्ण प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर द्यायचा, ‘टॅन’. तो गेल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू बघितला आणि डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. मेंदूच्या त्या भागाला आजही ब्रोकाचं नाव आहे. आमच्या आजाकडे ‘टॅन’ऐवजी ‘हा हा हा’ होतं. होकाराला ‘हा हा हा’, नकाराला ‘हा हा हा’, आणि संतापाला तेच, जरा मोठ्याने.

एका हॉस्पिटलात थेरपी सुरू केली. थेरपिस्ट तरुण होती, मनापासून काम करायची. चित्र दाखवायची आणि गोड आवाजात विचारायची, ‘‘आजोबा, हे काय आहे, सांगा पाहू?’’ आजा तोंड फिरवायचा. आमच्याकडे आजाला ‘अहोजाहो’ कोणी करत नाही. आजा ‘तू’च असतो. त्याला वाटायचं, ही बाई दुसऱ्याच कोणाशी तरी बोलतेय.

एकदा मात्र कमाल झाली. डोळ्याचं चित्र समोर आलं आणि बऱ्याच वेळाने आजाच्या तोंडून निघालं, ‘‘डोला.’’

मी आनंदाने उडालोच. थेरपिस्टने कागदावर काहीतरी लिहिलं. बायने वाकून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. शब्द आला होता, पण उच्चारापुढे चुकीची खूण होती. ‘ळ’च्या जागी ‘ल’.

आता गंमत अशी की आमच्या आगरी बोलीत ‘ळ’ आणि ‘ण’ नाहीतच म्हटलं तरी चालेल. डोळा नाही, डोला. जवळा नाही, जवला. पाणी नाही, पानी. झटका येण्याच्या आधीची पंच्याहत्तर वर्षं आजा ‘डोला’च म्हणत होता. म्हणजे आजा बरोबर होता, आणि कागद म्हणत होता चूक. थेरपिस्टला दोष देण्यात अर्थ नव्हता. तिच्या हातातल्या तक्त्यात तो शब्द तसा नव्हता.

घरी येताना बाय रिक्षात गप्प होती. मग म्हणाली, ‘‘दादूस, चौथीत मी पाठ वाचताना ‘पानी’ म्हटलं तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. मी महिनाभर वर्गात तहान लागली तरी बोलले नव्हते.’’

मला ही गोष्ट माहीत नव्हती. एका घरात वाढलो, तरी माहीत नव्हती.

लाउडस्पीकरवरून आलेलं औषध

पुढे जानेवारी आला. जासईत १६ जानेवारी हा साधा दिवस नसतो. १९७० मध्ये नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं सरकारने ठरवलं. जमिनीला योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन पेटलं, त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. दिबा जासईचेच. आजा तेव्हा पस्तिशीत होता आणि गर्दीत होता. त्या आंदोलनातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली, हे आमच्या भागातल्या पोराटोरांनाही पाठ असतं.

तर त्या १६ जानेवारीला अभिवादनाचा कार्यक्रम होता. लांबून लाउडस्पीकरवर घोषणा आली, ‘‘कोण म्हणतो देणार नाही?’’

आणि ओटीवर बसलेला आजा, ज्याच्या तोंडून चार महिन्यांत मोजून सहा शब्द निघाले होते, तो काठी आपटून गरजला, ‘‘घेतल्याशिवाय ऱ्हानार नाय!’’

अख्खं वाक्य! खणखणीत! काकू आतून धावत आली, रडायलाच लागली. मी आजाला मिठी मारली. शेजारीपाजारी जमा झाले. आजा बरा झाला! मग मी म्हटलं, ‘‘आजा, आता पानी माग बघू.’’ आजाने तोंड उघडलं. ‘‘हा... हा हा...’’

सगळ्यांचे चेहरे पडले. फक्त बायचा पडला नाही. तिने सांगितलं ते असं. आपण जे शेकडो वेळा एका लयीत म्हटलेलं असतं, म्हणजे आकडे, वार, आरती, घोषणा, अगदी शिव्यासुद्धा, ते झटक्यानंतरही बऱ्याचदा शाबूत राहतं. कारण ते बोलणं आपण दर वेळी नव्याने जुळवत नाही, ते आपोआप घरंगळत येतं. ‘पाणी दे’ हे मात्र दर वेळी नव्याने जुळवावं लागतं. अमेरिकेत बोस्टनमध्ये १९७३ मध्ये याच पायावर सूर आणि ठेक्यातून बोलणं शिकवायची एक पद्धत निघाली.

बायने त्याच रात्री आपली पद्धत काढली. आजाचा डावा हात हातात घेऊन ठेका धरायचा. ‘‘कोन म्हंतो देनार नाय?’’ मग त्याच ठेक्यात, ‘‘आजा-ला-हवा-पा...’’ आणि थांबायचं. आठवड्याभराने आजाने ‘‘...नी!’’ म्हणून वाक्य पुरं केलं. तिने स्वतःची चित्रंही केली. सफरचंद आणि बदकाऐवजी मोबाइलवर काढलेले फोटो. खाडी, होडी, मिठागर, जवला, भाताचं खाचर, ट्रेलर. सहा महिन्यांत आजाकडे तीसेक शब्द जमले. सगळे आगरीत.

माझी ओपनिंग तिने कापली

मास्टर्सचं डोक्यात आलं ते इथून. काका म्हणाला, ‘‘आगरी शिकायला अमेरिकेला जातस?’’

प्रश्न विनोदी होता, पण उत्तर तसं नव्हतं. १९८३ मध्येच अमेरिकेतल्या या क्षेत्राच्या संघटनेने, म्हणजे ‘आशा’ने, जाहीर भूमिका घेतली की इंग्रजीची कोणतीही बोली हा वाचादोष नाही. बोली वेगळी असणं वेगळं आणि बोलण्यात दोष असणं वेगळं. तिकडे यावर चाळीस वर्षं काम झालंय. तपासणीचे तक्ते बोलीप्रमाणे कसे बनवायचे, याची एक रीत आहे. बायला ती रीत शिकायची होती.

अर्जांचा कारभार म्हणजे वेगळीच वारी. एका कॉमन पोर्टलवर सगळं भरायचं. चार वर्षांच्या मार्कशीटचं तिकडच्या हिशोबात रूपांतर, इंग्रजीची परीक्षा, तीन शिफारसपत्रं, इंटर्नशिपच्या तासांची नोंद. तिकडे सर्टिफिकेटसाठी ४०० तासांचं क्लिनिकल काम लागतं, त्यामुळे तासातासाचा हिशोब विचारतात. आणि शेवटी ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’.

इथे मी पुढे सरसावलो. लिहिणं हे आपलं डिपार्टमेंट! मी तिला एक सॉलिड ओपनिंग लिहून दिली. पाऊस, झटका, हॉस्पिटलचा पांढरा कॉरिडॉर, डोळ्यांत पाणी. तिने वाचली, मान हलवली आणि अख्खा पॅरा उडवला. तिच्या निबंधाची सुरुवात होती: माझ्या आजोबांनी ‘डोला’ म्हटलं आणि ते चूक धरलं गेलं. त्या दिवशी फक्त ते एकटेच बरोबर होते.

माझ्या इगोला जरा लागलं. पण एडिटर म्हणून सांगतो, तीच कॉपी पास होणार होती.

प्रश्न पैशांचा होता. दोन वर्षांची फी, राहणं, विमान. असिस्टंटशिप मिळाली तर निभावणार, नाहीतर साडेबारा टक्क्यांतून मिळालेला भूखंड बँकेत तारण ठेवायचा. काका तयार होता. ‘‘पोरीचा शिक्षन मोठा का जमीन मोठी?’’ तो म्हणायचा. बाय यावर काही बोलायची नाही.

दहापर्यंत मोज

फेब्रुवारीच्या शेवटी पहिला मेल आला. ‘वुई रिग्रेट...’ पुढचं वाचायची गरज नसते. मी ताबडतोब म्हटलं, ‘‘जाऊ दे गं, ते कॉलेज तसं आपल्याला नकोच होतं. तिथे थंडी किती! आणि अजून तीन आहेत.’’ ती म्हणाली, ‘‘हं.’’

मार्चच्या मध्यावर दुसरा. अ‍ॅडमिशन मिळाली! पण असिस्टंटशिप नाही. मी म्हटलं, ‘‘अगं, हेच तर हवं होतं, पैशांचं बघू, काका आहे, लोन आहे...’’ ती म्हणाली, ‘‘हं.’’

मार्चअखेर तिसऱ्याचा नकार. आणि चौथं, जे तिला मनापासून हवं होतं आणि जिथे असिस्टंटशिपची आशा होती, तिथून वेटलिस्ट. वेटलिस्ट म्हणजे आपलं रेल्वेचं डब्ल्यूएल तिकीट. फरक एवढाच की इथे नंबर सांगत नाहीत आणि चार्ट कधी लागणार तेही कळत नाही.

या सगळ्या दिवसांत गावात रोज एकच प्रश्न. दुकानात, स्टेशनवर, हळदीच्या मांडवात. ‘‘झाला का गं तुझा अमेरिकेचा?’’ घरात मात्र सगळ्यांनी विषय काढायचा नाही असं ठरलं होतं. आजाला हे ठरलेलं कोणी सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी बाय मोबाइल घेऊन ओटीवर बसली तेव्हा आजा बराच वेळ ओठ हलवत राहिला आणि म्हणाला, ‘‘नो... नोटीस?’’

आम्ही चमकलो. चित्रांमध्ये हा शब्द नव्हता. कुठून काढला? मग लक्षात आलं. आजाच्या हिशोबात एकच कागद असा असतो, जो लांबच्या ऑफिसातून येतो, न कळणाऱ्या भाषेत असतो आणि घराचं पुढे काय होणार ते ठरवतो. त्याला ‘पत्र’ किंवा ‘रिझल्ट’ म्हणायचं असेल. शब्द शोधताना शेजारचा हाताला लागला. अफेजियात असं होतं. पण त्याहून नेमका शब्द मला मास कॉमच्या डिग्रीसकट सापडला नसता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ओटीवर हाच संवाद. ‘‘नोटीस?’’ ‘‘नाय आली, आजा.’’

आता माझ्या चुकीकडे येतो. बायने घरातल्या सगळ्यांना एक नियम घालून दिला होता. आजाला काही विचारलं की मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. मध्ये बोलायचं नाही, शब्द सुचवायचा नाही, दुसरीकडे बघायचं नाही. अफेजिया झालेल्या माणसाला शब्द शोधायला वेळ लागतो. आपण दोन सेकंदांत त्याचं वाक्य पुरं केलं की त्याचा शोध तिथेच थांबतो. हळूहळू तो शोधणंच सोडून देतो. करून बघा. साधं दहापर्यंत मोजणं. दुसऱ्याच्या गप्प बसण्यात दहा सेकंद म्हणजे दहा वर्षं वाटतात.

काकू शिकली. काका शिकला. माझा पाच वर्षांचा पुतण्या सगळ्यांत आधी शिकला. मला जमलं नाही. तीनपर्यंत गेलो की माझ्या तोंडून शब्द निघालाच. ‘‘चहा? चहा पाहिजे? पंखा? पंखा लावू?’’ मला वाटायचं, मी मदत करतोय. एकदा आजाने टेबलावर अशी थाप मारली की कपबशी खाली. त्याला चहा नको होता, पंखाही नको होता. त्याला काय हवं होतं ते त्या दिवशी कोणालाच कळलं नाही, कारण त्याने नंतर प्रयत्नच केला नाही.

त्या रात्री मी बायला ‘सॉरी’ म्हणायला गेलो. ती गच्चीवर होती. समोर बंदराचे दिवे. मी सुरू केलं, ‘‘तू टेन्शन घेऊ नकोस, वेटलिस्ट क्लिअर होईलच, आणि नाही झाली तरी...’’

ती शांतपणे म्हणाली, ‘‘दादूस, तू माझं पन वाक्य पुरं करतोस.’’

मी गप्प.

‘‘पहिला नकार आला तेव्हा मला रडायचं होतं. तू थंडीचं सांगायला लागलास. अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा मला भीती वाटत होती. तू लोनचं सांगायला लागलास. मला काय वाटतंय ते मला अजून सापडायचं असतं, तोवर तू सांगून मोकळा.’’

मी मनात मोजायला लागलो. एक, दोन, तीन. तोंडावर आलेलं ‘अगं पण’ गिळलं. सात. आठ. खाली रस्त्यावरून एक ट्रेलर गेला. मग ती बोलायला लागली. तिला जायचं होतं. जायचं नव्हतंही. आजा तोवर नसला तर? आणि गेली तर त्या भूखंडावर जायचं नव्हतं. ‘‘ज्या जमिनीसाठी आजा तिथे उभा होता ती बँकेत ठेवून मी त्याच्या बोलण्यावर निबंध लिहू?’’ हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं असं नाही. विचारून कोणी थांबलं नव्हतं.

१५ एप्रिल

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांना होकार-नकार कळवायची शेवटची तारीख १५ एप्रिल. आदल्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी असल्याने काका घरी होता. जेवणानंतर बायने सगळ्यांसमोर सांगितलं की असिस्टंटशिपशिवाय ती जाणार नाही. काका काहीतरी बोलणार होता. मी त्याच्याकडे बघून बोटं मोजून दाखवली. तो थांबला. बायने पूर्ण सांगितलं, कारणासकट. काकाने नंतर फक्त डोळे पुसले आणि उठून भूखंडाचे कागद कपाटात ठेवले.

१५ च्या रात्री आम्ही अडीचपर्यंत जागे होतो. काकूही. आता तिला माहीत होतं की ‘तो’ कोण आहे. पहिल्या अ‍ॅडमिशनला बायने नम्र नकार पाठवला. वेटलिस्ट हलली नाही. मे महिन्यात त्यांचा मेल आला, या वर्षीच्या जागा भरल्या.

बाय आता इथल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षांचा अभ्यास करतेय. इथेही जागा मोजक्याच, आणि परीक्षेनंतर पुन्हा यादीची वाट. एका क्लिनिकमध्ये अर्धा दिवस काम, बाकीचा वेळ पुस्तकं. आगरी शब्दांच्या तक्त्यात आता दोनशेच्या वर फोटो झालेत. ओळखीतल्या आणखी दोन घरांनी ते मागून नेलेत. एका घरात झटका आलेली आजी आहे. ती म्हणे फोटो बघून पहिल्यांदा ‘‘होरी’’ म्हणाली. होडी नाही, होरी. बायने चूक धरली नाही!

गेल्या आठवड्यातली संध्याकाळ. लोकलने घरी आलो, ओटीवर टेकलो. बाय पुस्तकात डोकं घालून बसली होती. आजाने नेहमीप्रमाणे विचारलं, ‘‘नोटीस?’’

‘‘नाय आली, आजा,’’ बाय म्हणाली. मग काय वाटलं कोण जाणे, तिने पुस्तक मिटलं आणि विचारलं, ‘‘मंग आता काय करायचा?’’

आजा तिच्याकडे बघत राहिला. ओठ हलायला लागले. मी मोजायला सुरुवात केली. चार. पाच. आतून काकू जेवायला हाक मारायला आली आणि दारातच थांबली. आठ. नऊ.

‘‘वाट...’’ आजा म्हणाला.

वाट बघ? वाट धर? का स्टेशनकडे जाणारी ती समोरची वाट? माझ्या तोंडावर तीन शब्द आले होते. बायने माझ्याकडे नुसतं बघितलं.

मी पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.